काळं आकाश, उजळ क्रूस

चित्राचा अर्ध्याहून मोठा भाग काळ्या आकाशाने व्यापलेला आहे. त्यात एकही तारा नाही, ढगाची रेघ जवळजवळ नाही. त्या काळ्यात चंद्र आहे, पौर्णिमेला दोन दिवस उरलेले असतानाचा, एका कडेने किंचित कमी. त्याच्या बराच खाली ढगांचा लांब, उजळ पट्टा आडवा पसरलाय, त्याखाली बर्फाची शिखरं आणि त्यांच्या अलीकडे एक लहानसं गाव: मातीच्या भिंतींची घरं, एक चर्च, चर्चजवळच्या दफनभूमीतले क्रूस. अगदी पुढे रानझुडपांची खरबरीत जमीन. नजर आधी चंद्राकडे जाते आणि मग, का ते कळायच्या आत, क्रुसांवर येऊन थांबते. एवढ्या मोठ्या चित्रात ते अगदी बारीक आहेत, तरी पेटल्यासारखे दिसतात.

अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्स यांचं हे छायाचित्र, ‘मूनराइज, हर्नांडेझ, न्यू मेक्सिको’. काढल्याची तारीख त्यांनी नीट नोंदवलेली नव्हती. पुढे खगोल अभ्यासकांनी चित्रातल्या चंद्राच्या जागेवरून ती शोधली: १ नोव्हेंबर १९४१, संध्याकाळचे ४ वाजून ४९ मिनिटं.

फोटो एडिटिंग शिकायला बसलेल्या माणसाला मी सर्वांत आधी हे चित्र दाखवतो. एडिटिंगचं कोणतंही अ‍ॅप उघडलं की पाच मिनिटांत वीस-पंचवीस शब्द अंगावर येतात: एक्स्पोजर, कॉन्ट्रास्ट, शॅडोज, हायलाइट्स, कर्व्ह्ज, लेयर, मास्क, डॉज, बर्न, शार्पन. नवशिका एकेक पट्टी उजवीडावीकडे ओढून पाहतो, फोटो बदलतो, कधी बराही दिसतो. पण आपण नेमकं काय ठरवलं हे त्याला सांगता येत नाही. या प्रत्येक शब्दामागे उजेडाबद्दलचा एक निर्णय आहे. ‘मूनराइज’मध्ये ते जवळजवळ सगळे निर्णय हातांनी, रसायनांनी आणि पुठ्ठ्याच्या तुकड्यांनी घेतलेले आहेत. त्यामुळे ते डोळ्यांना दिसतात.

सुरुवात एक्स्पोजरपासून, कारण बाकी सगळं त्यावर उभं आहे. अ‍ॅडम्स त्या संध्याकाळी सँटा फेकडे परत निघाले होते. सोबत आठ वर्षांचा मुलगा मायकेल आणि मित्र सेड्रिक राइट. रस्त्याकडेला हे दृश्य दिसताच गाडी थांबवून त्यांनी ८ बाय १० इंची निगेटिव्हचा अवजड कॅमेरा उभा केला. सूर्य मागच्या ढगांच्या कडेला टेकत होता, क्रुसांवरचं ऊन कोणत्याही क्षणी जाणार होतं, आणि उजेड मोजायचा मीटर काही केल्या सापडेना. मग त्यांना आठवलं की चंद्राची तेजस्विता ठरलेली असते, चौरस फुटाला सुमारे २५० कँडल. तो आकडा धरून त्यांनी डोक्यातल्या डोक्यात हिशेब केला: चंद्राचा टोन कुठे हवा, फिल्मचा वेग ६४, समोर गडद पिवळा फिल्टर, तर एफ ३२ वर एक सेकंद. एक फोटो निघाला. दुसरा घ्यायला फिल्मचा होल्डर उलटा करेपर्यंत क्रुसांवरचं ऊन गेलं होतं.

एक्स्पोजर म्हणजे किती उजेड आत घेतला, एवढीच व्याख्या आपण पाठ करतो. ती बरोबर आहे. पण अ‍ॅडम्सनी ‘किती’च्या आधी ‘कुणासाठी’ हे ठरवलं. उजेड चंद्रासाठी मोजला, गावासाठी नाही. चंद्रावरचे डाग आणि त्याची गोलाई टिकली पाहिजे, तो नुसता पांढरा ठिपका होता कामा नये, हा पहिला निर्णय होता. त्याची किंमत खालच्या जमिनीने दिली. निगेटिव्हमध्ये पुढचा भाग फार क्षीण आला. इतका की १९४८ मध्ये अ‍ॅडम्सनी त्या भागावर रसायनाची प्रक्रिया करून त्याची घनता वाढवली. फोनमध्ये आपण ‘शॅडोज’ची पट्टी उजवीकडे ओढतो तेव्हा हेच करत असतो: अंधारात राहिलेल्या भागात जे थोडंफार नोंदलं गेलंय ते वर उचलतो. नोंदलंच नसेल तर वर येतं ते चित्र नव्हे, तर नॉइज, म्हणजे रंगीत दाणे. उलट बाजूला, डिजिटल सेन्सरवर जो भाग पूर्ण पांढरा होऊन गेला, त्यातून कोणतीही पट्टी काही परत आणत नाही. याला क्लिपिंग म्हणतात. म्हणून डिजिटल कॅमेऱ्यावर उजळ भाग जपायचा आणि सावल्या मागाहून उचलायच्या, हा सल्ला योग्य आहे. काळ्या-पांढऱ्या निगेटिव्ह फिल्मवर नियम उलटा असतो, तिथे सावल्या आधी जपायच्या; अ‍ॅडम्स स्वतः तेच शिकवत. त्या संध्याकाळी मात्र हाताशी एकच खात्रीचा आकडा होता, आणि तो चंद्राचा होता.

हेच चित्र संगणकाला कसं दिसेल? संगणक चित्राचे बारीक चौकोन करतो आणि प्रत्येक चौकोनाला एक आकडा देतो. चौकोन म्हणजे पिक्सेल. अमेरिकेत रसेल किर्श आणि सहकाऱ्यांनी १९५७ मध्ये पहिल्यांदा एक छायाचित्र असं संगणकात उतरवलं, किर्श यांच्या तान्ह्या मुलाचं. आडवे १७६ आणि उभे १७६ चौकोन, म्हणजे अवघे ३०,९७६ पिक्सेल. एका वेळच्या वाचनात प्रत्येक चौकोन एकतर काळा नाहीतर पांढरा. मधले करडे टोन मिळवण्यासाठी तेच चित्र वेगवेगळ्या मर्यादांवर पुन्हा वाचून एकावर एक बसवावं लागलं. आज साध्या जेपेग फाइलमध्ये एका रंगाच्या एका पिक्सेलला २५६ पायऱ्या असतात, ० म्हणजे काळा, २५५ म्हणजे त्या रंगाचा पूर्ण उजेड. लाल, हिरवा, निळा असे तीन आकडे मिळून सुमारे १ कोटी ६७ लाख रंग होतात. कॅमेऱ्याच्या रॉ फाइलमध्ये याच पायऱ्या ४,०९६ किंवा १६,३८४ असतात. यालाच बिट डेप्थ म्हणतात. पायऱ्या जास्त असल्या म्हणजे सावल्या उचलताना आकाशाच्या गुळगुळीत उतारावर पट्टे पडत नाहीत. एवढा एक फायदा लक्षात ठेवला तरी रॉमध्ये फोटो का काढायचे, या प्रश्नाचं बरंचसं उत्तर मिळतं.

अ‍ॅडम्सकडेही पायऱ्या होत्या, पण अकराच. १९४० च्या सुमारास लॉस एंजेलिसमध्ये शिकवताना फ्रेड आर्चर यांच्यासह त्यांनी झोन सिस्टिम बांधली: शून्य म्हणजे कागदाचा पूर्ण काळा, दहा म्हणजे कोरा पांढरा, मधला पाचवा झोन मध्यम करडा. दृश्यातली कोणती गोष्ट कोणत्या झोनवर बसवायची हे फोटो काढण्याआधी मनाशी ठरवायचं. चंद्र त्यांनी सातव्यावर बसवला: उजळ, तरी आतला पोत शाबूत. २५६ पायऱ्यांच्या सरावातल्या आपल्याला अकरा फार कमी वाटतात, पण डोळ्याने ओळखता येतील आणि डोक्यात धरता येतील एवढ्याच त्या आहेत. नवशिक्याने पट्ट्यांना हात लावण्याआधी आपल्या फोटोत शून्य कुठे, पाच कुठे, दहा कुठे, हे बोट ठेवून सांगून पाहावं. पुष्कळ फोटोंत दहा कुठेच नसतो, आणि ‘फोटो मळकट दिसतो’ म्हणतो त्याचं कारण बहुतेक वेळा तेच असतं.

इथे हिस्टोग्राम येतो, आणि इथेच सर्वांत जास्त गैरसमज आहेत. हिस्टोग्राम हा साधा आलेख आहे: डावीकडे काळा, उजवीकडे पांढरा, आणि कोणत्या पायरीवर किती पिक्सेल आहेत ते उंचीने दाखवलेलं. अनेक ठिकाणी शिकवतात की चांगल्या फोटोचा हिस्टोग्राम मध्यभागी उंच आणि दोन्हीकडे उतरता असावा. ‘मूनराइज’चा हिस्टोग्राम काढला तर त्याचा ढीग डावीकडच्या भिंतीला चिकटलेला दिसेल: एवढं मोठं काळं आकाश आणि गडद जमीन. मध्ये पातळ, सपाट पसारा. उजव्या टोकाला क्षीण शेपूट, ढगांची कड, बर्फ, चंद्र, क्रूस. पाठ केलेल्या नियमाने हे चित्र ‘चुकीचं’ ठरतं. ‘ऑटो’चं बटण दाबलं तर सॉफ्टवेअर सरासरी उजेड मध्यावर आणायला धावेल, आकाश करडं होईल आणि क्रूस विझतील. आलेखाला किती काळं आहे ते कळतं. ते काळं आकाशात आहे की मुख्य व्यक्तीच्या चेहऱ्यावर, हे त्याला कळत नाही. म्हणून हिस्टोग्रामचा उपयोग दोन्ही टोकं पाहण्यासाठी करावा: डाव्या भिंतीवर काही आपटलंय का, उजव्या भिंतीवर काही आपटलंय का, आणि आपटलं असेल तर ते मला हवं होतं का. मधला आकार चित्राचा स्वतःचा असतो, त्याला कुणाच्या साच्यात बसवायचं नसतं.

आकाश काळं होण्याची सुरुवात कॅमेऱ्यातच झाली होती. गडद पिवळा फिल्टर निळा प्रकाश अडवतो, त्यामुळे निळं आकाश फिल्मवर गडद उतरतं. मावळतीचं पिवळसर ऊन त्यातून सहज जातं, म्हणून ज्यावर ते ऊन पडलंय ते क्रूस आकाशाच्या तुलनेत अधिक उजळ येतात. एका काचेच्या तुकड्याने दोन्ही कामं केली. आज रंगीत फोटो काळा-पांढरा करताना नुसतं ‘सॅच्युरेशन’ शून्यावर आणलं तर रंगच काय ते काढून घेतले जातात आणि तांबडी साडी नि हिरवं झाड एकाच करड्या रंगाचं होऊन बसतं. त्याऐवजी ‘ब्लॅक अँड व्हाइट’च्या पट्ट्या वापराव्यात: निळी पट्टी खाली ओढली की आकाश खाली जातं, पिवळी वर केली की ऊन वर येतं. अ‍ॅडम्सनी जे आधी ठरवलं ते आपल्याला नंतर ठरवता येतं. ही मोठी सोय आहे. अट एवढीच, की फाइलमध्ये रंगांची माहिती शिल्लक असावी. कॅमेऱ्यानेच काळं-पांढरं जेपेग दिलं असेल तर ती नसते.

ब्राइटनेस, कॉन्ट्रास्ट, लेव्हल्स आणि कर्व्ह्ज हे एकाच घरातले चौघे आहेत आणि त्यातल्या कर्व्ह्जची ओळख झाली की बाकीच्या तिघांची वेगळी ओळख लागत नाही. चौकटीत एक तिरकी सरळ रेघ असते, खाली आधीचा टोन, बाजूला नंतरचा टोन. मधोमध बिंदू धरून वर ओढला तर काळ्या-पांढऱ्याची टोकं जागेवर ठेवून मधला भाग उजळतो. साध्या ब्राइटनेसपेक्षा हे कितीतरी सभ्य आहे. खालचा भाग खाली आणि वरचा वर केला की रेघ इंग्रजी ‘एस’सारखी होते, कॉन्ट्रास्ट वाढतो. हा वक्र संगणकवाल्यांनी शोधलेला नाही. हर्टर आणि ड्रिफील्ड या दोघांनी १८९० मध्ये फोटोच्या प्लेटवर पडलेला प्रकाश आणि तिच्यात तयार झालेली काळिमा यांचा आलेख मांडला, तो असाच ‘एस’च्या आकाराचा निघाला, आणि त्याच्या मधल्या चढाला त्यांनी गॅमा म्हटलं. चढ जितका उभा, तितका कॉन्ट्रास्ट कडक. वक्राचा जो भाग उभा कराल तिथले टोन एकमेकांपासून दूर जातात आणि तिथला पोत दिसू लागतो. पण तेवढ्याच प्रमाणात दुसरा कुठला तरी भाग सपाट होतो. कॉन्ट्रास्ट फुकट मिळत नाही. ‘मूनराइज’मध्ये तो आकाशातून काढून घेतलाय आणि झुडपांना, भिंतींना, क्रुसांना दिलाय.

हे असं वाटप सबंध चित्रावर एकच वक्र लावून होत नाही. त्यासाठी डॉज आणि बर्न लागतात, आणि या चित्राचं हृदय तिथे आहे.

डार्करूममध्ये एनलार्जरखाली कोरा कागद असतो, वरून निगेटिव्हमधून प्रकाश पडत असतो, आणि जितका जास्त वेळ प्रकाश पडेल तितका कागद काळा होतो. एखादा भाग फार काळा होऊ नये म्हणून तारेच्या टोकाला लावलेली पुठ्ठ्याची चकती प्रकाशात धरायची आणि सतत हलवत राहायची, हे डॉज. एखादा भाग आणखी काळा हवा तर बाकीचं सगळं हाताने किंवा पुठ्ठ्याने झाकून तेवढ्याच भागावर जास्त वेळ प्रकाश पडू द्यायचा, हे बर्न. फोटोशॉपमध्ये डॉजच्या चिन्हात दांडीवरची चकती दिसते आणि बर्नच्या चिन्हात मूठ वळलेला हात दिसतो, ती दोन्ही चिन्हं याच कृतींची आहेत. ‘मूनराइज’चा प्रत्येक प्रिंट काढताना अ‍ॅडम्स पुढची जमीन जपत आणि आकाशावर टप्प्याटप्प्याने प्रकाश ओतत, पुठ्ठा क्षितिजापासून वरच्या कडेपर्यंत हलवत. हात थांबला तर पुठ्ठ्याची कड कागदावर उमटते. हात चालता राहिला तर काळा कुठे सुरू झाला ते कुणालाही सांगता येत नाही.

हात चालता ठेवणं म्हणजेच फेदर. निवडलेल्या भागाची कड किती मऊ, हे ती पट्टी सांगते. नवशिक्यांच्या एडिटिंगमध्ये माणसाच्या भोवती उजेडाचं वलय दिसतं किंवा डोंगराच्या रेषेवर आकाश एकदम गडद होतं, त्याचं कारण जवळजवळ नेहमी फेदर कमी आणि ब्रशचा जोर जास्त हे असतं. ब्रशचा जोर पाच ते दहा टक्के ठेवावा आणि एकाच जागेवरून पुन्हा पुन्हा फिरावं. फोनवरच्या स्नॅपसीडमध्ये ‘ब्रश’खाली डॉज अँड बर्न आहे, गिंपमध्येही हे हत्यार आहे आणि दोन्ही फुकट आहेत, सुरुवातीला यापेक्षा जास्त काही लागत नाही.

मास्क म्हणजे पुठ्ठ्याचा तोच तुकडा, पण साठवून ठेवता येणारा. बदल कुठे लागू व्हावा आणि कुठे नाही, याचा तो नकाशा असतो: पांढरं तिथे बदल दिसतो, काळं तिथे झाकला जातो, करडं तिथे अर्धामुर्धा. फोटोशॉपच्या ‘क्विक मास्क’मध्ये झाकलेल्या भागावर लाल झाक दिसते, ती छपाईच्या धंद्यातून आलेली आहे. प्लेट बनवण्याआधी रुबीलिथ नावाची लाल फिल्म ब्लेडने कापून नको तो भाग झाकत असत, कारण छपाईच्या कॅमेऱ्यात वापरायच्या फिल्मला लाल प्रकाश दिसत नाही. तिच्या दृष्टीने लाल म्हणजे काळाच.

आणि लेयर. थॉमस नोल मिशिगन विद्यापीठात पीएचडी करत असताना १९८७ मध्ये ज्या प्रोग्रॅमवर काम करू लागले, त्यातून भाऊ जॉन यांच्यासह फोटोशॉप घडलं. १९९० मध्ये ते बाजारात आलं तेव्हा त्यात लेयर नव्हते. ते १९९४ च्या तिसऱ्या आवृत्तीत आले, आणि मूळ पिक्सेलना हात न लावता वरून बदल करणारे अ‍ॅडजस्टमेंट लेयर १९९६ च्या चौथ्या आवृत्तीत. माझ्या मते सबंध डिजिटल एडिटिंगमधली सर्वांत मोलाची गोष्ट हीच आहे. फोटो खाली अबाधित राहतो, त्यावर पारदर्शक पत्रे ठेवत जायचे: एकावर आकाश गडद करण्याचा कर्व्ह, एकावर क्रूस उजळण्याचा. उद्या मत बदललं तर पत्रा काढून टाकायचा किंवा त्याची ‘ओपॅसिटी’, म्हणजे दाटपणा, कमी करायचा. डॉज-बर्नसाठी कसलेले लोक हाच मार्ग धरतात: ५० टक्के करड्या रंगाने भरलेला एक लेयर ‘ओव्हरले’ मोडमध्ये वर ठेवायचा. नुसता ठेवला तर चित्रात काहीच बदलत नाही. मग त्याच्यावर मऊ ब्रशने जिथे पांढरा फिरवाल तिथे खालचं चित्र उजळतं, काळा फिरवाल तिथे गडद होतं. काम संपल्यावर तो करडा लेयर एकटा पाहावा. आपण उजेड कुठे दिला आणि कुठून काढला याचा संपूर्ण आराखडा त्यात दिसतो.

अ‍ॅडम्सना हे मत बदलणं फार हवं होतं. तरुणपणी ते पियानो शिकलेले, आणि निगेटिव्ह म्हणजे संगीतलेखन, प्रिंट म्हणजे वादन अशी तुलना ते नेहमी करत. आपल्याला ही गोष्ट बंदिशीवरून जास्त जवळची वाटेल. चार ओळींची चीज तीच. तिशीत गायलेली वेगळी आणि सत्तरीत गायलेली वेगळी, आणि दोन्ही वेळा चीज मोडलेली नसते. ‘मूनराइज’चे तेराशेहून अधिक प्रिंट त्यांनी आयुष्यभरात काढले. सुरुवातीच्या प्रिंटांत आकाश राखाडी आहे, त्यात वरच्या बाजूला फिकट ढगांच्या रेघा स्पष्ट दिसतात, संध्याकाळ दिसते. वर्षं गेली तसं आकाश दाट होत गेलं, रेघा बुडाल्या, आणि शेवटच्या दशकांतल्या प्रिंटांत तो प्रसिद्ध काळा आला.

दोन्ही शेजारी ठेवून पाहिले तर बदललेली गोष्ट एकच, पण अर्थ दोन होतात. जुन्या प्रिंटात एक गाव आहे आणि त्याच्यावर चंद्र उगवलाय; हवा आहे, वेळ आहे, वारासुद्धा असावा. नंतरच्या प्रिंटात वेळच उरत नाही. दिवस नाही, रात्र नाही, वर एवढा मोठा काळोख आणि खाली माणसांची ओळभर घरं नि त्यांचे मृत. वरचं काळं वाढलं तसतसं खालचं पांढरं, स्वतः न बदलता, अधिक उजळ दिसू लागलं. कॉन्ट्रास्ट हा शेजाराचा गुण आहे. क्रूस उजळायचे असतील तर क्रुसांना हात लावण्याआधी आकाशाकडे पाहावं. मला नंतरचा प्रिंट जास्त थोर वाटतो. घरात लावायला मात्र मी पहिल्या काळातला घेईन, ढगांच्या रेघांसकट. थोर प्रिंटासमोर रोज उभं राहणं अवघड आहे.

उरलेल्या काही शब्दांवर एवढा वेळ घालवायची गरज नाही. क्रॉप म्हणजे कड कापणं. कापण्याआधी कागदाचे दोन एल आकाराचे तुकडे प्रिंटवर सरकवून पाहण्याची जुनी पद्धत स्क्रीनवरच्या चौकटीपेक्षा अजूनही चांगली. रिझोल्यूशनचा प्रश्न छापायची वेळ आली की येतो: छपाईला इंचाला ३०० पिक्सेल धरले तर ४,००० बाय ३,००० पिक्सेलचा, म्हणजे फोनचा १२ मेगापिक्सेलचा फोटो साधारण १३ बाय १० इंचांपर्यंत नीट छापला जाईल. दुकानातल्या फ्लेक्ससाठी याहून कितीतरी कमी पिक्सेल चालतात, कारण तो लांबून पाहायचा असतो. जेपेग ही १९९२ ची पद्धत ८ बाय ८ पिक्सेलचे चौकोन घेऊन डोळ्याला फारसा न जाणवणारा तपशील फेकून देते. म्हणून जेपेग पुन्हा पुन्हा उघडून, बदलून, सेव्ह करू नये. दर वेळी थोडं गळतं.

शार्पनिंगबद्दल एक गोष्ट मात्र सांगायलाच हवी. ‘अनशार्प मास्क’ या आदेशाच्या नावाने नवशिके गोंधळतात, कारण फोटो रेखीव करायचा असताना नाव अस्पष्टतेचं. डार्करूममध्ये निगेटिव्हची मुद्दाम अस्पष्ट केलेली पॉझिटिव्ह प्रत तयार करून ती निगेटिव्हलाच चिकटवत आणि दोन्हींमधून प्रिंट काढत. मोठे, सावकाश बदलणारे टोन एकमेकांना दाबत आणि कडा उठून येत. संगणकही तेच करतो: चित्राची अस्पष्ट प्रत मूळ चित्रातून वजा करून उरलेला फरक मूळ चित्रात मिळवतो. त्यातली ‘रेडियस’ पट्टी म्हणजे ती प्रत किती अस्पष्ट. जास्त ठेवली की कडांना पांढरं वलय येतं. आणि फोकसबाहेर गेलेला फोटो याने दुरुस्त होत नाही. ज्या कडा नोंदल्या गेल्या आहेत त्यांनाच धार येते.

राहिलं पुसणं. क्लोन, हीलिंग आणि आता बोट फिरवताच माणूस गायब करणारी अ‍ॅप. याचं उदाहरण अ‍ॅडम्सच्याच दुसऱ्या प्रसिद्ध चित्रात आहे, १९४४ च्या ‘विंटर सनराइज’मध्ये. कॅलिफोर्नियातल्या लोन पाइन गावाजवळून पहाटेच्या उजेडातली सिएरा नेवाडाची बर्फाळ रांग, तिच्यापुढे अंधारी टेकडी, आणि अगदी पुढे उन्हाच्या तुकड्यात चरणारा घोडा. त्या टेकडीवर गावच्या शाळेतल्या मुलांनी पांढऱ्या दगडांनी गावाची ‘एल पी’ ही आद्याक्षरं मांडली होती. अ‍ॅडम्सनी ती निगेटिव्हमधून शक्य तेवढी नाहीशी केली आणि उरलेली प्रिंटवर ठिपके देऊन झाकली. हे त्यांनी पुढे स्वतः लिहून सांगितलं, त्यावर टीका झाल्याचंही सांगितलं, आणि आपली बाजू सोडली नाही. त्यांच्या मते ती अक्षरं त्या निसर्गावरचा ओरखडा होती.

मी या प्रश्नावर अ‍ॅडम्सच्या बाजूने आहे, पण दोन अटींवर. चित्र कलाकृती म्हणून समोर ठेवलेलं असावं, आणि पुसल्याचं लपवलेलं नसावं. बातमीच्या छायाचित्राला हे लागू नाही. वर्ल्ड प्रेस फोटो स्पर्धेने २०१५ मध्ये मूळ फाइली मागवून तपासल्या तेव्हा उपांत्य टप्प्यातली सुमारे २० टक्के चित्रं बाद झाली. अशा कसोटीवर ‘मूनराइज’चा नंतरचा प्रिंटही टिकणं कठीण आहे, कारण त्यातल्या ढगांच्या रेघा काळ्यात बुडवलेल्या आहेत, एक पिक्सेलही न पुसता, नुसता टोन बदलून, आकाशातली वस्तुस्थिती नाहीशी केलेली आहे. कलादालनात ते त्या चित्राचं सामर्थ्य आहे. वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर तेच दोष ठरलं असतं.

घरातल्या जुन्या फोटोंना मी बातमीच्या छायाचित्राचाच नियम लावतो. आजोबांच्या फोटोमागची विजेची वायर, पोपडे आलेली भिंत, कोपऱ्यात अर्धवट दिसणारी सायकल पुसायचा मोह होतो, आणि आजची हत्यारं ते एका क्षणात करून देतात. क्लोनचा ब्रश तिथे बुरशीच्या डागांवर आणि घडीच्या रेघेवर चालवावा, फिका पडलेला चेहरा कर्व्ह्जने वर आणावा. भिंतीवरच्या कॅलेंडरला हात लावू नये. फोटो कोणत्या सालचा आहे ते पुष्कळदा त्याच्यावरूनच कळतं.